मंदायन, चुंबकीय (पोलादाच्या अविनाशी परीक्षेत)
लोहचुंबकीय पदार्थावरील चुंबकीय क्षेत्र वाढवून पुन्हा कमी केले असता त्याचे चुंबकन क्षेत्रामागे रेंगाळते, या आविष्कारास चुंबकीय मंदायन म्हणतात. ‘हिस्टेरिसिस’ ही संज्ञा जे. ए. यूइंग यांनी १८८१ मध्ये योजिली. क्षेत्राच्या पूर्ण आवर्तनात बंद वक्र म्हणजे मंदायन वलय मिळते. उरलेले चुंबकन शून्य करण्यास लागणाऱ्या विरुद्ध क्षेत्रास निग्राही क्षेत्र म्हणतात.

पोलादातील सूक्ष्म चुंबकीय विभागांच्या सीमा स्फटिकदोष व कार्बाइडाचे कण यांपाशी अडकतात. त्यामुळे पोलाद कठीण केले असता सामान्यतः निग्राही क्षेत्र वाढून वलय रुंदावते आणि भाग न कापता कठिनतेचा अंदाज करता येतो. तथापि यांत्रिक प्रतिबल व कणांचे आकारमान यांमुळेही वलय बदलते. म्हणून एकाच मापनावर विसंबल्यास सदोष भाग निर्दोष ठरण्याचा धोका असतो.

ही कारणे वेगळी करण्यास गणितीय प्रतिमान उपयोगी पडते. एफ. प्रायझाख (१९३५) यांनी मंदायन अनेक द्विस्थितिक घटकांच्या बेरजेने मांडले. डी. सी. जाइल्स व डी. एल. ॲथर्टन यांच्या १९८०–९० या दशकातील प्रतिमानात पाच प्राचले असून त्यांपैकी एक सीमांच्या अडकण्याचे माप आहे. मोजलेल्या वलयाशी समीकरण जुळवून ही प्राचले काढतात. मात्र भिन्न प्राचलसंचांपासून जवळजवळ सारखेच वलय मिळू शकत असल्याने गुणधर्म ज्ञात असलेल्या नमुन्यांशी पडताळणी करणे आवश्यक असते.