वस्तऱ्यासाठी घरगुती निसणा: काच आणि लॅपिंग फिल्म

वस्तऱ्याला धार लावायला महागडा दगडच हवा असं मुळीच नाही! काचवाल्याकडून 10 मिमी जाडीची, 8 इंच लांब, 3 इंच रुंद पट्टी कापून घ्या. कडा घासूनच द्यायला सांगा.

पट्टीवर पाणी शिंपडून लॅपिंग फिल्म पसरा. ऑप्टिकल फायबरची टोकं घासायला वापरतात तीच ही. मागे गोंद नसलेली घ्या, ती नुसत्या पाण्याने काचेला चिकटते. हवेचे बुडबुडे मात्र बोटाने निगुतीने काढा. एक जरी राहिला तरी पातं तिथे फिल्म कापतं.

फिल्मच्या कणांचा क्रम 9, 3 आणि शेवटी 1 मायक्रॉन. पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात, कारण कोन पाठच ठरवते. धार पुढे ठेवून सरकवा, पट्टी संपली की पाठीवरूनच पातं पालटा. दाब अजिबात नको, वस्तऱ्याचं वजन पुरतं. मग चामड्याच्या पट्ट्यावर उलट, म्हणजे पाठ पुढे.

धारेचे टवके उडाले असतील तर आधी 1000 ग्रिटचा दगड वापरा, फिल्म वाया घालवू नका.