ट्रॉलीची पिन : किंमत थोडी, जबाबदारी मोठी

आम्ही कापडाचे व्यापारी. लोखंडाशी आमचा संबंध दुकानाच्या शटरापुरता. तरीही आज या पानावर ट्रॉलीच्या पिनेविषयी लिहीत आहोत, त्याला कारण घडले आहे.

गेल्या गळीत हंगामात आमचा टेम्पो ओतूरच्या बाजारातून उरलेला माल घेऊन रात्री नारायणगावहून मंचरकडे येत होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. चढावर मागची ट्रॉली सुटली आणि उलटी घरंगळत आली. ड्रायव्हरने टेम्पो शेतात घातला म्हणून जीव वाचला. चार गठ्ठे चिखलात गेले. सकाळी पाहिले तर पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेला, तो मधोमध तुटला होता.

जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. त्यांची दुरुस्ती करणारे अनेक वेल्डर, फिटर या पानाचे वाचक आहेत. जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतलेल्या चार गोष्टी येथे देतो.

पहिली, पिन. ती कठीण पोलादाची आणि भोकात नीट बसणारी हवी. साधा बोल्ट आट्यांपाशी लवकर चिरतो. पिनेला वर डोके व खाली क्लिप हवीच. क्लिप नसेल तर खड्ड्यात पिन उडून बाहेर येते.

दुसरी, भोक. घासून लांबट झालेले भोक प्रत्येक ब्रेकला धक्का देते. पिनेवर वेल्डिंग मारू नये. तापल्याने पोलादाचे पाणी उतरते. तडा गेलेला हूक बदलावा, सांधू नये.

तिसरी, साखळी. दांड्याखालून दोन साखळ्या फुलीसारख्या बांधाव्यात. पिन निघाली तरी दांडा त्यांच्यावर पडतो, रस्त्यात रुतत नाही.

चौथी, भार. माल मागे जास्त झाला तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. पुढे जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात, मग स्टिअरिंग ऐकत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतो, म्हणून उतार लागण्याआधीच गियर खाली घ्यावा.

बंद पडलेला ट्रक ओढण्याचेही नियम आहेत. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नसावे आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक चालक असावा. इंजिन बंद असले की हवेच्या ब्रेकला नवी हवा मिळत नाही. म्हणून माळशेजसारख्या घाटात दोर किंवा साखळी न वापरता लोखंडी रॉड जोडावा.

गिऱ्हाईक घाईत असते. ‘आजची खेप जाऊ द्या, उद्या बघू’ म्हणते. अशा वेळी नाही म्हणणे कठीण असते, रोजी बुडते. पण आम्ही कच्च्या रंगाचे कापड विकले तर गिऱ्हाईकाचे कापड खराब होते. कच्ची पिन बसवली तर मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव जातो. कारागीर बंधूंनी एवढा फरक ध्यानी ठेवावा, ही विनंती.