बाळंतपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

हिंदुस्थानातील कामकरी स्त्रीची काळजी सरकारने कायद्याने प्रथम वाहिली ती १८९१ च्या फॅक्टरी ॲक्टात. आणि तीदेखील, मुंबईच्या स्वस्त सुतामुळे धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी विलायतेत जो गवगवा केला त्याचा रेटा पाठीशी नसता, तर इतक्या तत्परतेने वाहिली गेली असती असे मानण्यास फारसा आधार सापडत नाही. स्त्रियांचे कामाचे तास अकरावर आणले गेले, रात्रीच्या कामास साधारणतः मज्जाव झाला, आणि ज्या साप्ताहिक सुटीसाठी नारायण मेघाजी लोखंडे सभा भरवीत व अर्ज धाडीत आले होते तिचीही तरतूद झाली. बाईमाणसाला विश्रांती हवी हे सरकारने मान्य केले. त्या विश्रांतीच्या काळात तिने खावे काय, याचा विचार मात्र त्या जाबत्यात कोठे नव्हता.

तो विचार व्हावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. गिरणीच्या रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत नायकिणीच्या, म्हणजे स्त्री-मुकादमाच्या, हाताखाली उक्त्या दराने काम करणारी कोकणातली किंवा घाटावरची बाई दिवस भरत आले की गावी निघून जाई, आणि तान्हे मूल कडेवर घेऊन परतली की गेलेली जागा पुन्हा मिळविण्यासाठी नायकिणीला दस्तुरी मोजी. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतिकाळातील वेतनाचा ठराव केला, परंतु हिंदुस्थान सरकारने तो पत्करला नाही. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात त्या आशयाचे विधेयक आणले, तेही नामंजूर झाले. अखेर हा प्रश्न मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात आसवले यांच्या विधेयकाच्या रूपाने आला, आणि १९२८ च्या जुलै महिन्यात त्याच्या समर्थनार्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले ते आजही काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. प्रसूतीच्या आगेमागे मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून, जनतेच्या कल्याणाची जबाबदारी मूलतः सरकारची असल्यामुळे हा भार बव्हंशी सरकारनेच उचलावयास हवा, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. आणि सरकार तो उचलीत नाही एवढ्या सबबीवर, स्त्रियांना कामावर ठेवून ज्याचा फायदा होतो तो कारखानदार मोकळा सुटू शकत नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडले. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिलाच. भाषणातला दुसरा मुद्दा त्यात उतरला. पहिला कौन्सिलाच्या दप्तरात राहिला.

या निवडीचे परिणाम हळूहळू दिसू लागले. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत साधारणतः पाचात एक बाई होती. पुढल्या दशकांत हे प्रमाण उतरत गेले आणि स्वातंत्र्यानंतर तर गिरणीतली बाई विरळाच झाली. याचे सारे खापर प्रसूतिभत्त्यावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण यंत्रांची सुधारणा, मंदी आणि गिरण्या जादा पाळ्यांत चालू लागल्यावर अडचणीची ठरलेली रात्रपाळीची बंदी ही कारणे माझ्या मते अधिक वजनदार होती. तथापि नवी बाई घेऊच नये, आणि असलेली गेली की तिची जागा पुरुषाने भरावी, असे वाटण्यास मालकाला एक हिशेबी निमित्त मिळाले, यात संशय नाही. संरक्षण म्हणून घातलेली बंदीही, सरकारची गरज पडली की, किती लवचीक होते हे महायुद्धात दिसलेच: कोळसा कमी पडताच १९४३ मध्ये स्त्रियांना खाणींत भूमिगत कामावर उतरू देण्यात आले, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने समान कामास समान वेतन आणि प्रसूतिसाहाय्य या दोन्ही गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत घातल्या, म्हणजे ज्यांसाठी न्यायालयाचा दरवाजा थेट ठोठावता येत नाही अशा भागात. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने प्रसूतीचा खर्च एका मालकाच्या तिजोरीतून न काढता सामायिक निधीतून काढण्याची शहाणी रीत घालून दिली, आणि १९५४ पासून मुंबईत ती चालूही झाली. पण या विम्याला वेतनमर्यादेची वेस होती. तिच्याबाहेरच्या स्त्रियांसाठी १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला. त्याने बारा आठवड्यांचे वेतन देवविले, आणि त्याचा बोजा पुन्हा ज्याच्या कारखान्यात बाई आहे त्या एकट्या मालकावर टाकला.

या इतिहासात सरकारने स्वतःच्या खजिन्याची दोरी खरोखर सैल सोडली असा जो एक ठळक प्रसंग आढळतो, तो महाराष्ट्रातला आहे, आणि त्याचा उगम स्त्रीविषयक धोरणात नाही, दुष्काळात आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे, जे अनेक वर्षे विधानपरिषदेचे सभापती होते, त्यांनी साठीच्या दशकात मागेल त्याला काम ही कल्पना धरली. १९७२ च्या दुष्काळाने तिची कसोटी घेतली, १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर बसविलेल्या व्यवसाय कराने तिला पैसा पुरविला, आणि १९७७ साली संमत झालेला रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेने स्त्रियांसाठी वेगळे काही आरंभिले नव्हते. परंतु पाझर तलावावर, नालाबंडिंगवर, खडी फोडण्याच्या कामावर मजुरीचा दर कामाच्या मोजमापावर ठरला, मजूर बाई की बुवा यावर नाही, आणि हजेरीपटावर तिचे नाव तिच्या नवऱ्याच्या नावाखाली न जाता स्वतंत्र ओळीत गेले. ज्या गावात शेतावरची बाई पुरुषाहून कमी रोजावर राबणार हे पिढ्यानपिढ्या गृहीत होते, त्या गावात ही क्षुल्लक दिसणारी कारकुनी व्यवस्था क्रांतिकारक होती. कामावर येणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया असत. उन्हात मुलांसाठी निवारा आणि पाळणा ठेवावा असा नियमही होता, तो कागदावर किती आणि झाडाखाली किती राहिला हे मुकादमावर अवलंबून होते. मोठ्या बागायतदारांनी मजूर मिळत नाहीत म्हणून कुरकुर केली. ते योजनेला मिळालेले उत्तम शिफारसपत्र होय असे मी समजतो. १९८८ मध्ये किमान वेतनाशी मजुरीचा मेळ घालावा लागला, खर्च वाढला, आणि मग कामेच आखडती घेण्यात आली.

दरम्यान दिल्लीत १९७४ साली स्त्रियांच्या स्थितीवरील समितीचा अहवाल आला, १९७५ च्या वटहुकुमाने व १९७६ च्या अधिनियमाने समान वेतन हा कायदा बनला, आणि १९८७ साली मुंबईतल्या एका जहाज कंपनीच्या लघुलेखक स्त्रीने त्याच्या बळावर सर्वोच्च न्यायालयात विजय मिळविला. १९९४ च्या महिला धोरणाने महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत ३० टक्के जागा राखून ठेवल्या. आजच्या तहसील कचेऱ्यांत आणि पोलीस ठाण्यांत दिसणारा पालट बराचसा त्याचे फळ आहे. धोरणाच्या पुढल्या आवृत्त्या निघत गेल्या. पहिलीचा ठसा त्यांना उमटविता आला नाही.

२०१७ मध्ये प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. औदार्य मोठे, परंतु हुंडी पूर्ववत मालकाच्या नावावर. पुढल्याच वर्षी श्रम मंत्रालयाने, २६ पैकी ७ आठवड्यांचे वेतन मालकांना सरकारने परत द्यावे अशी योजना तयार होत असल्याचे सांगितले, आणि लगोलग तिला अद्याप मंजुरी नसल्याचा खुलासाही केला.

मालकाला कायदा सांगणारे सरकार स्वतः मालक होते तेव्हा कसे वागते, हे अंगणवाडीत पाहावे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या बालविकास योजनेतील सेविका दशकानुदशके मानसेवी म्हणविल्या जातात, त्यांना मिळते ते वेतन नसून मानधन असते, आणि त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू आहे एवढे ठरविण्यास २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा लागला. आणि बीडहून दर हंगामाला कारखान्यांच्या फडावर जाणारी ऊसतोडणीची बाई तर या साऱ्या कायद्यांच्या मोजणीतूनच निसटते, कारण मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पैसा येतो नवऱ्याच्या हाती, आणि खाडा झाल्यास कापला जाणारा दंड त्याच उचलीतून वळता होतो. पाळी आणि गर्भाशयाचे आजार यांमुळे खाडे पडू नयेत म्हणून तरुण वयात गर्भाशय काढून घेतलेल्या या स्त्रियांच्या चौकशीसाठी शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली, तेव्हा त्यांच्यापैकी कोणत्याही बाईचे स्वतःचे नाव साखर कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हते.