घाटावरची नोकरी, उन्हातले घर

वऱ्हाडचा उन्हाळा वर्णन करण्याचा विषय नाही, सोसण्याचा आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा मे महिन्यात अकोल्याच्या स्टेशनवर उतरला, की डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि माठातले पाणी या गोष्टी वऱ्हाडी माणसाने हौसेखातर धरलेल्या नाहीत, हे त्याला पाच मिनिटांत उमगते. पंचेचाळीस अंशांचे येथे कुणाला नवल नाही. पारा सत्तेचाळिसाकडे सरकू लागला, की मग चर्चा सुरू होते. ही भूमी वाळवंट खासच नव्हे. कापसाची काळी, कसदार जमीन ती! पण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, तेव्हा वाळवंट म्हणजे याहून निराळे काय असते, असा प्रश्न पडतो.

गंमत अशी, की याच मुलखाच्या उशाशी सातपुड्याची गाविलगड रांग उभी आहे, आणि तिच्या माथ्यावर चिखलदरा आहे. अमरावतीहून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर. तेथून पुढे तीसएक किलोमीटर घाटाची वाट. चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांच्या घरात, तर अकोला-अमरावती तीनशेच्या आगेमागे. हजार मीटर वर चढले, की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते, हा भूगोलाच्या पुस्तकातला हिशेब. म्हणजे येथे पाचएक अंशांचा फरक पडायला हवा. आकडा लहान दिसतो; पण खाली अंगण रात्रभर धुमसत असते, आणि वर पहाटे पांघरूण ओढावे लागते!

या गारव्याचा शोध साहेबाला १८२३ साली लागला. हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याचे नाव त्यासाठी घेतात. पुढे तेथे बंगले उठले, कॉफीची लागवड झाली आणि ती झाडे आजही आहेत. मात्र साहेब येण्यापूर्वी डोंगर ओस होता, असे समजण्याचे कारण नाही. कीचकाचा वध करून भीमाने त्याला येथल्या दरीत लोटले, म्हणून हा कीचकदरा, अशी कथा लोक सांगतात. शेजारच्या गाविलगडावर बहामनी काळापासून शिबंदी नांदत होती. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने हा किल्ला भोसल्यांकडून जिंकला. आणि कोरकू व गवळी मंडळी तर या रानाची जुनी रहिवासी.

तेव्हा एखाद्या चतुर गृहस्थाच्या मनात असा विचार येणे स्वाभाविक आहे, की घर करावे चिखलदऱ्याला आणि नोकरी करावी अमरावतीला. सकाळी धुक्यातून उतरावे आणि संध्याकाळी उन्हाचे गाठोडे खाली टाकून पुन्हा गारव्यात जावे. लोणावळ्याची माणसे पुण्यात नोकऱ्या करतातच की! खुद्द पुण्याची माणसे पास काढून मुंबई गाठतात. दख्खनची राणी तर १९३० सालापासून घाट चढते-उतरते आहे.

पण लोणावळ्याला रूळ आहेत, चिखलदऱ्याला नाहीत. शकुंतला या लाडक्या नावाने ओळखली जाणारी अरुंद रुळांची गाडी मूर्तिजापुराहून अचलपूरपर्यंत, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबत असे; आता तीही धावत नाही. अकोला-खंडवा ही मीटरगेज गाडी मेळघाटातून जात असे आणि धुळघाटाजवळ स्वतःच्याच रुळांना वळसा घालून डोंगर चढे; पण तिची वाट चिखलदऱ्यापासून दूर होती. तीही २०१७ साली बंद पडली. पुढे अकोल्यापासून अकोटपर्यंत रुंद रूळ आले, तरी डोंगरातली वाट सुनीच राहिली. उरली ती एस.टी. आणि स्वतःचे वाहन. घाट धरून ऐंशी किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे, म्हणजे दिवसाचे पाच तास रस्त्यालाच द्यायचे. त्यात पावसाळ्यात दरड, धुके आणि निसरडी वळणे. तेव्हा चतुर गृहस्थाचा बेत बहुधा परतवाड्याच्या चहाबरोबरच थंड होतो.

खरी येर-झार चालते, ती उलट्या दिशेने. नोकरी डोंगरावर आणि बिऱ्हाड उन्हात! शिक्षक, ग्रामसेवक, दवाखान्यातील कर्मचारी असे कितीतरी लोक परतवाडा, अचलपूर, अमरावती, क्वचित अकोटकडूनही मेळघाटात जातात आणि दिवेलागणीला माघारी फिरतात. आमच्याकडे याला 'अप-डाउन' म्हणतात. इंग्रजी शब्द, पण वऱ्हाडीत इतका मुरला आहे, की लग्न जुळवतानाही 'मुलगा तिथंच राहतो, की अप-डाउन करते?' असे विचारले जाते.

जगातील माणसे गारव्यासाठी डोंगरावर घरे बांधतात; मग ही माणसे गारवा सोडून तव्यावर झोपायला का येतात? एका शिक्षकाने मला याचे उत्तर फार साधेपणाने दिले. तो म्हणाला, "सर, हवा खाऊन पोरगं बारावी पास होत नाही जी." बायकोची नोकरी खाली, आईचे औषधपाणी खाली, मुलांची शाळा आणि शिकवणी खाली. गावात राहायचे, तर खोली मिळत नाही. मिळालीच, तर पावसाळ्यात छत गळते, वीज जाते आणि फोन लागत नाही. अशा माणसाला कामचुकार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

तथापि दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक जड आहे. पाचची गाडी गाठणाऱ्या गुरुजींचे लक्ष चारपासूनच घड्याळाकडे लागते. गाडी चुकली, की वर्ग भरत नाही. शाळेचे एक वेळ निभते; दुखणे मात्र रात्री येते. बाळंतपण कचेरीची वेळ पाहून होत नाही, आणि तापाने फणफणलेले कोरकू मूल सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू शकत नाही. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यामागे दारिद्र्य, कुपोषण, दुर्गमता अशी अनेक कारणे होती. पण हाकेच्या अंतरावर माणूस नसणे हेही त्यांतलेच एक.

कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, असा शासनाचा दंडक आहे. घरभाडे भत्ता त्याला जोडलेला आहे, आणि राहतो हे सिद्ध करण्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत मजल गेली. पण ठरावाने माणूस कागदावर राहतो, गावात राहतोच असे नाही.

जे खरोखर राहिले, त्यांनी काय केले पाहा. डॉ. रवींद्र कोल्हे १९८०च्या दशकात धारणी तालुक्यातील बैरागडला गेले. लग्नानंतर डॉ. स्मिता कोल्हे याही तेथेच आल्या. एक रुपया फी घेऊन त्यांनी दवाखाना चालवला, आणि आजारामागे भूक आहे हे दिसल्यावर शेतीतही लक्ष घातले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांनी पत्करलेल्या जीवनाची अपेक्षा प्रत्येक पगारदाराकडून करणे हा अतिरेक होईल. राज्य काही संतांच्या भरवशावर चालत नसते. पण राहिल्यानेच गावाचे खरे दुखणे कळते, एवढे तर त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

मग साध्या, संसारी माणसाला वर राहता येईल अशी सोय हवी. न गळणारे घर, रात्रीची वीज, मुलांना चांगली शाळा, नवरा-बायकोला एकाच तालुक्यात नेमणूक आणि ठरल्या वर्षांनी हमखास बदली, या मागण्या काही राजवाड्याच्या नव्हेत. प्रवाशांच्या बंगल्यांना पाणी पोचते, तर परिचारिकेच्या खोलीला का पोचू नये?

दिवाळीच्या सुट्टीत अमरावती-अकोल्याची कुटुंबे गाड्या भरभरून चिखलदऱ्याला जातील. भीमकुंड पाहतील, कॉफी पितील, गार वाऱ्यात फोटो काढतील. जरूर जावे. फक्त घाट उतरताना समोरून चढणाऱ्या एस.टी.कडे एकदा पाहावे. तिच्यात डबा मांडीवर घेऊन बसलेला जो माणूस दिसेल, तो संध्याकाळी खाली परतणार आहे. त्यानंतर सकाळपर्यंत वरच्या वस्तीत कोण असते, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.