बॉल पायात नसताना…

आधी एक सोपं गणित. कॅल्क्युलेटर लागणार नाही! फुटबॉलची मॅच ९० मिनिटांची. त्यातून थ्रो-इन, फाउल, गोलकिक यांत जाणारा वेळ वजा केला तर बॉल प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ५५ ते ६० मिनिटं. मैदानात खेळाडू २२. भागाकार करा. एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत! हॉलंडचा थोर खेळाडू योहान क्रायफ हेच सांगायचा, की उरलेल्या ८७ मिनिटांत तुम्ही काय करता हे महत्त्वाचं.

आता आपल्या ग्राउंडवर संध्याकाळी काय चालतं ते आठवा. जिकडे बॉल तिकडे दहा जण, गुळाला मुंग्या लागल्यासारखे. बाकीचे कमरेवर हात ठेवून "पास दे ना यार!" म्हणून ओरडतात. फर्स्ट इयरची चांगली पोरं "आपल्याला ड्रिब्लिंग जमत नाही" म्हणून आठवड्याभरात यायची बंद होतात. खरं तर ड्रिब्लिंग न येणाऱ्यालाही टीममध्ये जागा मिळू शकते. त्यासाठी चार गोष्टी शिकाव्या लागतात.

पहिली, मान फिरवणे. बॉल आपल्याकडे यायच्या आधीच दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचं, कोण कुठे आहे आणि रिकामी जागा कुठे आहे. स्पेनचा झावी ना उंच होता ना फार वेगवान. पण त्याची मान सतत फिरत असायची, त्यामुळे बॉल येताच पुढचा पास कुठे द्यायचा हे त्याला आधीच माहीत असे.

दुसरी, डिफेंडरच्या डोळ्यांआड राहणे. त्याला एकाच वेळी बॉलही बघायचा असतो आणि तुम्हालाही. तुम्ही त्याच्या समोर उभे राहिलात तर त्याचं काम सोपं. त्याच्या खांद्यामागे गेलात की त्याला दोन्हींतलं एकच बघता येतं. त्यानं मान वळवली की निघा!

तिसरी, टायमिंग. ऑफसाइड ठरतो तो पास देण्याच्या क्षणी, घेण्याच्या क्षणी नाही. म्हणून पास देणाऱ्यानं मान वर केली की धाव सुरू करायची, तीसुद्धा सरळ नाही, डिफेंडर्सच्या रेषेला समांतर थोडी वळणदार. पास सुटतो तेव्हा तुम्ही आधीच वेगात असता आणि डिफेंडरला अजून वळायचं असतं. समजा तुमचा वेग सेकंदाला ७ मीटर आणि त्याला वळायला अर्धा सेकंद लागला, तर साडेतीन मीटर तुम्हाला फुकट मिळाले. जर्मनीच्या थॉमस म्युलरचं ड्रिब्लिंग बघायला कोणी जात नसे. तरी २०१० आणि २०१४ या दोन वर्ल्डकपमध्ये त्यानं मिळून १० गोल केले. २०११ मध्ये एका मुलाखतीत तो स्वतःला 'जागेचा अर्थ लावणारा' म्हणाला होता.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण तिथे मन मोठं लागतं. दुसऱ्यासाठी धावणे! १९७० च्या वर्ल्डकप फायनलमध्ये ब्राझीलनं इटलीला ४-१ हरवलं. त्यातला शेवटचा गोल बघाच. ब्राझीलचा जैरझिन्हो हा उजवीकडचा खेळाडू, पण तो डावीकडे सरकला. त्याला मार्क करणारा फाकेत्तीही त्याच्या मागे गेला आणि मैदानाची एक अख्खी बाजू मोकळी पडली. पेलेनं तिकडे न बघताच हळूच पास सरकवला आणि मागून धावत आलेल्या कार्लोस अल्बर्टोनं गोल ठोकला. स्कोअरशीटवर नाव एकाचंच, पण दार उघडून दिलं दुसऱ्यानं.

याची प्रॅक्टिस कशी करायची? चार माणसं आणि चार चपला पुरेत. चपला ठेवून ८-१० मीटरचा चौकोन करा. तीन कोपऱ्यांवर तीन जण, चौथा कोपरा रिकामा, मधे एक जण बॉल काढून घेणारा. नियम एकच, ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्या दोन्ही शेजारच्या कोपऱ्यांवर कुणीतरी हवं. म्हणजे प्रत्येक पासबरोबर कुणाला तरी रिकाम्या कोपऱ्याकडे पळावंच लागतं. पाच मिनिटांत घाम फुटतो, आणि बॉल सोडून जागेकडे बघायची सवय लागते.

आणि हो, एक विनंती. कुणी पन्नास मीटर पळून गेला आणि त्याला पास मिळाला नाही, तर "उगाच पळतोय" म्हणून हसू नका. त्याच्या मागे एक डिफेंडर गेला ना? मग त्याचं काम झालं. "मस्त पळालास रे" एवढं म्हणा. उद्या तो परत येईल, आणि इंटरकॉलेजला टीम निवडताना अकरा जण शोधत फिरावं लागणार नाही!