अमेझॉनची जलपर्णी पवनेत का फोफावते?

काळेवाडी आणि पिंपरी यांच्यामधून वाहणारी पवना उन्हाळ्याच्या तोंडावर अनेकदा हिरव्या कुरणासारखी दिसते. हे कुरण म्हणजे जलपर्णी. ही वनस्पती मूळची आपल्याकडची नव्हे. दक्षिण अमेरिकेतील घनदाट वर्षावनातून वाहणाऱ्या अमेझॉन नदीचे खोरे हे तिचे माहेर. जांभळ्या फुलांच्या मोहापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली आणि पुढे देशभर पसरली.

माहेरी मात्र तिला आवर घालणाऱ्या गोष्टी आहेत. सुमारे ६,४०० किलोमीटर लांबीची अमेझॉन, जगातील नद्या समुद्रात जेवढे गोडे पाणी ओततात, त्याचा जवळपास पाचवा हिस्सा एकटीच वाहून नेते. तिच्या मध्य खोऱ्यात पाण्याची पातळी दरवर्षी सुमारे १० मीटरने वर-खाली होते. पुराचे पाणी काठच्या जंगलात शिरते आणि ते ओसरले, की तेथे अडकलेली जलपर्णी जमिनीवर वाळून जाते. तिची पाने कुरतडणारे भुंगेही दक्षिण अमेरिकेत आढळतात.

पवनेत याच्या उलट स्थिती आहे. शहराला लागणारे पाणी काळेवाडीच्या वरच्या बाजूला, रावेत बंधाऱ्यापाशी उचलले जाते. पावसाळा सरला, की त्याखालील प्रवाह मंदावतो. या संथ पाण्यात प्रक्रिया न झालेले सांडपाणी मिसळते. त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस जलपर्णीला खताप्रमाणे पोसतात. अनुकूल हवामानात तिचा विस्तार साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. तिच्या दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि काठच्या वस्त्यांना डासांचा त्रास होतो.

यंत्राने जलपर्णी काढली, तरी गाळातील बिया अनेक वर्षे जिवंत राहतात. पावसाळी पूर तिला वाहून नेतो, तेव्हाही ती मुळा-मुठेमार्गे भीमेकडे सरकते. तिच्यावर जगणारे भुंगे १९८०च्या दशकात भारतात आणण्यात आले. परंतु त्यांचा परिणाम सावकाश होतो आणि दरवर्षीच्या पुरात जलपर्णीबरोबर तेही वाहून जातात.

त्यामुळे पावसाळा संपताच, रोपे विरळ असतानाच, वरच्या अंगापासून सफाई सुरू करणे श्रेयस्कर ठरते. तथापि, सांडपाणी शुद्ध न होता नदीत येत राहिले, तर काढलेल्या जलपर्णीची जागा नवी जलपर्णी घेणार आणि सफाईचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागणार.