सबुरीचं बेट

सफर म्हटली की आपल्याकडे आधी यादी तयार होते. सात दिवसांत पाच शहरं, रोज पहाटे बस, दुपारी वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी बाजार. घरी परतल्यावर माणूस थकलेला असतो आणि काय पाहिलं हे मोबाइलमधले फोटो पाहून आठवावं लागतं. अशा सफरीचा कंटाळा आलेल्यांसाठी आज एका बेटाची ओळख करून देतो. तिथे पाहण्यासारखं फार काही नाही, राहण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

बेटाचं नाव साम्सो. डेन्मार्कचा जटलंड हा द्वीपकल्प आणि राजधानी कोपनहेगन ज्यावर आहे ते झीलंड बेट, या दोघांच्या मधल्या कॅटेगॅट समुद्रात ते आहे. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती साडेतीन हजारांहून थोडी अधिक. पूल नाही, त्यामुळे बोटीला पर्याय नाही. कोपनहेगनहून रेल्वेने कालुंडबोर्गला यायचं, तिथून बोटीने सव्वा तासात बालेन बंदर. जटलंडकडून आलात तर बोट तासाभरात पोहोचवते. बोट चुकली तर पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसून राहायचं. सबुरीचा पहिला धडा इथेच मिळतो.

बेटावर फिरायला सायकल उत्तम, ती भाड्याने मिळते. दक्षिणेकडची जमीन सपाट, शेतीची. उत्तरेला गवताळ टेकड्या. सर्वांत उंच जागा बालेब्यर्ग, तीही ६४ मीटरच. त्या टेकडीवरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. उत्तर टोकाजवळचं नॉर्डबी हे जुनं गाव. लाकडी चौकटीत विटा-माती भरून बांधलेली बुटकी घरं, दारात उंच वाढलेली फुलझाडं, मधोमध तळं. या गावचं चर्च वस्तीपासून दूर, शेतांत आहे. तिथली घंटा गावात ऐकू येत नसे, म्हणून लोकांनी गावात वेगळा घंटामनोरा उभारला. प्रार्थनेची वेळ कानावर पडावी ही ओढ माणसाला सगळीकडे सारखीच.

बेटाच्या अरुंद कमरेपाशी कानहावेचा कालवा आहे. आज तिथे गवतातली एक लांबट खोलगट जागा तेवढी दिसते. पण काठाला लावलेल्या लाकडांच्या वर्तुळांवरून अभ्यासकांनी त्याचं वर्ष काढलं आहे : इ. स. ७२६. सुमारे अर्धा किलोमीटर लांब आणि ११ मीटर रुंद असा हा कालवा माणसांनी हाताने खोदला. बेटाला वळसा न घालता जहाजं इकडून तिकडे नेता यावीत, यासाठी. कालव्याच्या पूर्वेला स्टाव्हन्स फ्योर्ड ही उथळ खाडी आहे. तिथल्या लहान लहान बेटांवर समुद्रपक्षी अंडी घालतात. त्या दिवसांत माणसाने तिथे पाऊल टाकायचं नसतं. काठावर बसून दुर्बिणीतून बघायचं आणि गप्प राहायचं.

साम्सोची खरी ओळख मात्र रस्त्याच्या कडेला होते. शेतघरासमोर लाकडी टपरी असते. तिच्यात नवे बटाटे, स्ट्रॉबेरी, कांदे, मुरंब्याच्या बरण्या, शरद ऋतूत लाल भोपळे. बाजूला किंमत लिहिलेली पाटी आणि पैशांचा डबा. विकणारा कुणी नाही. आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरूनही पैसे देता येतात, पण पाहणारं तरीही कुणी नसतं. घ्यायचं तेवढं घ्यायचं, मोजून पैसे टाकायचे आणि पुढे जायचं. आपल्याकडे 'अमानत' हा शब्द आपण फार वापरतो. तो रोजच्या व्यवहारात कसा दिसतो, हे या टपऱ्यांवर बघायला मिळतं. साम्सोचे बटाटे देशात प्रसिद्ध आहेत. वसंतात जमिनीतून निघणारे पहिले बटाटे कोपनहेगनची उपाहारगृहं चढ्या भावाने घेतात. तेच बटाटे इथे उकडून, लोणी आणि मीठ लावून खाण्यात सुट्टीतली अर्धी दुपार जाते. ज्यांना हलालची काळजी आहे त्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं. भाजी, अंडी, मासे यांवर आठवडा आरामात निघतो.

उन्हाळ्यातला उजेड हा इथला आणखी एक मोठा अनुभव. जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांच्या आसपास असतो. सूर्य मावळतो रात्री दहानंतर आणि पुरता काळोख होतच नाही. २०१६ साली रमजान याच दिवसांत आला होता. तेव्हा डेन्मार्कमधल्या मुसलमानांनी अठरा तासांहून मोठे रोजे धरले. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. थंडीत तिथला दिवस जेमतेम सात तासांचा, तेव्हा तोच रोजा किती लहान! प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत दीनने दिली आहे, तिचं मोलही अशा ठिकाणी नीट कळतं.

पण या शांततेमागची गोष्ट जाणून न घेता परतणं बरं नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बेटावरचा कत्तलखाना बंद पडला, अनेकांचा रोजगार गेला. शिकायला गेलेली मुलं परत येत नव्हती. त्याच सुमारास, १९९७ साली, डेन्मार्क सरकारने बेटांसाठी एक स्पर्धा घेतली : फक्त पुनर्नवीकरणीय ऊर्जेवर कसं जगता येईल, याचा आराखडा द्या. साम्सो जिंकलं. आराखडा कागदावर होता. लोकांना पटवायचं काम बाकी होतं. बेटावरच्याच शेतकरी घरातले शिक्षक सोरेन हर्मनसेन गावोगावच्या बैठकांत बसले, शंका ऐकत राहिले. पवनचक्क्या कुणाच्या, हा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर आलं : तुमच्याच. काही शेतकऱ्यांनी घेतल्या, काहींमध्ये सामान्य कुटुंबांनी लहान लहान वाटे घेतले, समुद्रातल्या पाच नगरपालिकेने घेतल्या. जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या २००३पर्यंत उभ्या राहिल्या. शेतातला पेंढा जाळून पाणी तापवायचं आणि नळांतून घरोघर ऊब पोहोचवायची, अशी केंद्रंही उभी राहिली. आज वर्षभराचा हिशेब मांडला तर बेट वापरतं त्याहून जास्त वीज बनवतं.

म्हणजे ज्या संथपणासाठी पाहुणे येतात, तो या लोकांनी मेहनतीने टिकवला आहे. आजही काळजी संपलेली नाही. उन्हाळ्यात गजबजलेली अनेक सुट्टीची घरं हिवाळ्यात बंद असतात. शाळेत मुलं हवीत, दुकानात गिऱ्हाईक हवं, बोटीत उतारू हवेत, तरच गाव गाव राहतं. त्यासाठी बेटाच्या नगरपालिकेने जटलंडकडची बोटसेवाही स्वतःच्या हाती घेतली.

तेव्हा, वाचकहो, कधी युरोपला जाण्याचा योग आला आणि शेंगेन व्हिसात चार दिवस उरत असतील, तर ते इथे घालवा. जुलैची गर्दी टाळून मेअखेर किंवा सप्टेंबर निवडा. सामान मोठ्या शहरातून भरून आणू नका, गावच्या दुकानातून घ्या. पक्ष्यांच्या जागेपासून दूर राहा. नमाजसाठी किबला तिथून आग्नेयेला, म्हणजे सकाळच्या उन्हाच्या बाजूला. आणि टपरीवरच्या डब्यात पैसे टाकताना सुट्टे नसतील, तर थोडे जास्तच टाका. त्या डब्यावर कुणाची नजर नाही, पण एका शेतकऱ्याचा भरवसा त्याच्यावर आहे.